एक पत्रा, दोन बायका

आमच्या शहरातल्या एका संग्रहालयात बौद्ध समाजाचं कपाट आहे. ते मिळवायला मी भांडले. त्या कपाटातली पाटी खोटी आहे. ती मी लिहिली.

इतकं आधीच सांगून टाकते, कारण मला पत्रकं लिहायची सवय आहे. कॉलेजात असताना ज्या कार्यकर्त्यांच्या हाताखाली मी तयार झाले त्यांनी एवढंच शिकवलं: पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, शेवटी मागणी. मध्ये रडायचं नाही. माणूस बस पकडायच्या घाईत असतो, त्याच्या हातात तुमचा कागद चार पावलं टिकतो. त्या चार पावलांत त्याला राग आला पाहिजे.

मला राग लवकर येतो. संग्रहालयाचा पहिला राग सहावीत आला. शाळेची सहल होती. आत गेलं की समोरच भिंतीवर वाघाचं डोकं. त्याच्याखाली पितळी पाटी: कोणत्या साहेबाने मारला, कोणत्या जंगलात, त्याची लांबी किती. पुढच्या खोलीत तलवारी, ढाली, पगड्या, एका सरदाराचा हुक्का. त्याच्या पुढच्या खोलीत प्लास्टरचे दोन पुतळे, अंगावर माळा, डोक्यावर कसलीशी पिसं. पाट्या: ‘गोंड पुरुष’, ‘गोंड स्त्री’. आमच्या वर्गात एक गोंड मुलगी होती. ती त्या पुतळ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “माह्या आईकडे असली पिसं नाहीत.” बाईंनी तिला पुढे ढकललं, कारण मागे रांग तुंबली होती.

आम्ही तर पुतळ्यातही नव्हतो. ज्या शहरात माझे आजोबा छप्पन साली धम्मदीक्षेच्या गर्दीत उभे राहून बावीस प्रतिज्ञा बोलले, त्या शहराच्या इतिहासात त्या दिवसाला अर्धी भिंतही नव्हती.

म्हणून मोठी झाल्यावर, हाताशी छापखाना आणि चार मैत्रिणी आल्यावर, मी पहिलं मोठं पत्रक त्यांच्यावरच काढलं. मथळा: ‘वाघाला पाटी, माणसाला नाही’. दोन रविवार फाटकाशी उभं राहून वाटलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. चर्चेला या म्हणाले.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त प्राध्यापक, इतिहासाचे. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणाले. दुसऱ्या होत्या संग्रह सांभाळणाऱ्या मॅडम, प्रताप नगरच्या, चाळिशीच्या, गळ्यात कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा. सरांनी टेबलावर नकाशा पसरला. वरचा मजला रिकामा करून नवीन दालन होणार होतं. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द त्यांनी त्या तासाभरात इतक्यांदा वापरला की माझी मैत्रीण वहीत रेघा मारून मोजायला लागली. दालनात काचेची सात कपाटं. कोष्टी, गोंड, मुसलमान, सिंधी, तेलुगू, बंगाली. सातव्यावर लिहिलं होतं, ‘इतर’.

“आम्ही कुठे?” मी विचारलं.

सरांनी पेनाचं टोक सातव्यावर ठेवलं.

“इतर म्हणजे कोणाचे इतर, सर?”

“हे बघा, जागेची मर्यादा असते. शब्दात अडकू नका.”

“आणि खालच्या तलवारी? त्या कोणत्या समाजाच्या कपाटात?”

“त्या शहराच्या आहेत,” सर म्हणाले. अगदी सहज. पाणी पिता पिता.

आज वाटतं, भांडण तिथेच रोवायला हवं होतं. तलवारी शहराच्या आणि माणसं समाजाची, हे गणित कोणी मांडलं, एवढं एकच विचारत महिनाभर बसायला हवं होतं. मी काय केलं? दुसरं पत्रक काढलं. ‘आम्ही इतर नाही. आमचं कपाट आम्हाला द्या.’ जोरदार झालं होतं. वस्तीत लोकांनी भिंतींवर चिकटवलं. सर घाबरले, समिती बसली, आणि आठवं कपाट आलं. आम्ही पेढे वाटले. कपाटासाठी.

कपाटाबरोबर नियम आले. एक समाज, एक कपाट, मधोमध एक मुख्य वस्तू, आणि वस्तूबद्दल चाळीस शब्द. आमच्यासाठी वस्तू त्यांनीच ठरवून ठेवली होती: पितळेची बुद्धमूर्ती, बाजारातून आणलेली, अंगावरची चमकही उतरली नव्हती. मी म्हटलं, ही तर सरांच्या दिवाणखान्यातही असते, शोभेची. आमच्या माणसांच्या हातून झिजलेलं काहीतरी ठेवा. मॅडम म्हणाल्या, “मग आणा ना तुम्ही. मला आवडेल.” त्या बाईचं मन वाईट नव्हतं, हे लिहिते. अडचण एवढीच की चांगल्या मनाने ती सरांच्या सगळ्या कागदांवर सही करत होती.

मी मोठ्या आईकडे गेले.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आम्ही मनीषनगरला फ्लॅट घेतला, ती उत्तर नागपुरातल्या जुन्या घरातून हलली नाही. पंचवीस-तीस वर्षं तिने बिड्या वळल्या. तिच्या बिड्यांवर दोन मुलं शिकली आणि माझे वडीलही, कारण मोठे बाबा लवकर गेले. मी तिला म्हटलं, तुझी बिडीची वस्तू दे. तिने फडताळातून एक पत्रा काढला. तळहाताएवढा, लांबट, तेलाच्या डब्यातून कापलेला. तेंदूच्या पानावर हा ठेवायचा आणि कडेकडेने कात्री फिरवायची, म्हणजे सगळी पानं एका मापाची होतात. कडा इतक्या घासलेल्या होत्या की बोटाला टोचत नव्हत्या.

“घेऊन जा,” ती म्हणाली. “पण दोघींचं नाव टाकजो.”

“दोघी कोण?”

“पलीकडची. तिनंच पानं कापले ना सारे.”

पलीकडची म्हणजे मागच्या गल्लीतली कोष्टी बाई. उमरेडहून लग्न होऊन आलेली. मी तिला लहानपणापासून पाहिलेलं. पण हे मला माहीत नव्हतं. मोठ्या आईने मग सांगितलं, मांडी घालून, तंबाखूचं सूप समोर असल्यासारखे हात हलवत. तिला स्वतःला सरळ कापता येत नसे, म्हणून तिच्या बिड्या कारखान्यात छाटीत, नापास मालात, जायच्या. तपासणारा मूठभर बिड्या उचलून वाकड्या म्हणून फेकून द्यायचा. पलीकडचीचा हात कात्रीवर पक्का, पण बिडीचं तोंड दुमडायला तिचं नख चालेना, ते लहानपणी चेचलेलं. तेव्हा पलीकडचीने दोघींची पानं कापायची आणि मोठ्या आईने दोघींची तोंडं बंद करायची, असं ठरलं. पत्रा पलीकडचीच्या नवऱ्याने कापून दिला. रोज दुपारी दोन घरांच्या मधल्या बोळीत बसायच्या.

“म्हणजे अर्धी बिडी तिची, अर्धी माही,” मोठी आई म्हणाली. “कोणती कोणाची, थे देवालेही सांगता नसतं आलं. अन् देव तर आपण ठेवलाच नाही.”

ती हसली. मीही हसले. मग विचारलं, “बोळीत काहून? घरात काहून नाही?”

“तिची सासू होती ना. आपलं पाणी चालत नव्हतं तिले. पानं भिजवाले दोन घमेले होते, एक तिचं, एक माहं.”

“आणि चहा?”

“चहा प्याले दहा वर्षं लागले तिले,” मोठी आई म्हणाली. “सासू मेली तवा पेली.”

तिथे माझं डोकं फिरलं. दहा वर्षं! दहा वर्षं जिने तुझ्या हातचा चहा घेतला नाही तिचं नाव आमच्या कपाटात मी टाकू? मी तिला तसंच विचारलं.

“थे मले माहीत आहे न वं. तूच काय सांगून राहिली मले? चहा नाही पेली, हेही लिही. पण नाव टाक.”

मी हो म्हटलं. आणि टाकलं नाही.

चाळीस शब्दांत जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं आहे. मी ‘शोषण’ लिहिलं, ‘स्वाभिमान’ लिहिलं, ‘संघर्ष’ दोनदा लिहिलं. दोनदा! एका नावाला दोन शब्द लागतात. मसुदा घेऊन गेले तेव्हा मॅडमनी वस्तूच्या नोंदीसाठी विचारलंही, “हा एकट्या तुमच्या काकूंचाच ना? कोणी दुसरं वापरत असेल तर सर विचारतील, मग हा कोणत्या समाजाचा.” मी म्हटलं, आमचाच. फॉर्मवर दोन चौकोन होते, ‘काही काळासाठी’ आणि ‘कायमचा’. मी ताठ मानेने कायमच्यावर खूण केली. आमची वस्तू इतिहासात कायमची राहणार होती.

उद्घाटनाला मोठी आई आली, पांढरं कडक लुगडं नेसून. आणि सोबत तिला घेऊन आली. दोघी एकाच ऑटोतून उतरल्या, एकीच्या हातात दुसरीचा दंड. पलीकडचीने नातीची चकचकीत पर्स काखेत मारली होती. पाटी बदलायची वेळ निघून गेली होती. वर सरांचं भाषण चालू होतं. “हे शहर म्हणजे एक वस्त्र आहे, आणि प्रत्येक समाज त्यातला एक धागा...” पलीकडची मोठ्या आईच्या कानाशी म्हणाली, पण तिचं कानाशी बोलणं अख्ख्या दालनाला ऐकू जातं, “याले विचार, मागावर बसला का कधी?”

भाषण संपल्यावर दोघी कपाटापाशी आल्या. काचेत निळ्या मखमलीवर पत्रा, वरून दिवा सोडलेला. खरंच सुंदर दिसत होता. पलीकडचीला वाचता येत नाही. ती पत्र्याकडे पाहून खूश झाली, काचेवर बोट ठेवून म्हणाली, “थे पाय, कोपरा. माह्याच्यानं वाकला होता.” मग म्हणाली, “वाच.”

मोठी आई चौथी शिकलेली. तिने एकेक अक्षर लावत वाचलं. ‘संघर्ष’पाशी अडखळली. खालपर्यंत गेली. मग पुन्हा वरून वाचलं.

“माहं नाव कुठं आहे?” पलीकडचीने विचारलं.

मोठी आई तिसऱ्यांदा वरून वाचायला लागली. माझ्याकडे वळलीही नाही.

मॅडम जवळच होत्या. त्यांना वाटलं आजीबाई चुकल्यात. त्या प्रेमाने म्हणाल्या, “आजी, तुम्ही कोष्टी समाजाच्या ना? तुमचं कपाट तिकडे आहे. चला, मी दाखवते.” आणि हात धरून तिला पहिल्या कपाटापाशी घेऊन गेल्या. तिथे मागाचा धोटा होता, रेशमी काठाचं लुगडं होतं, ‘कलाकुसरीचा वारसा’ होता.

पलीकडचीने ते सगळं नीट पाहिलं. मग म्हणाली, “हे माहं नाही, बाई. मागावर माहा नवरा बसे. मले तर शिकवलंही नाही. मी बिड्या वळल्या. मी तिकडं आहे.” आणि आमच्या कपाटाकडे बोट केलं.

मॅडम हसल्या. काय बोलावं ते न कळल्यावर माणूस हसतो तसं. आठ कपाटं होती आणि ती बाई एकातही बसत नव्हती.

खाली जिन्यावर मोठी आई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “तुले सांगतलं होतं ना?”

“मोठी आई, तिने दहा वर्षं—”

“मोजले कोणी, तू का मी?”

पलीकडची मधे पडली, “जाऊ दे वं, पोरगी आहे.” मोठी आई म्हणाली, “पोरगी काय पोरगी, पत्रकं काढते!” आणि दोघी ऑटोत बसून गेल्या. मला बस म्हणाल्या नाहीत.

सोमवारी मी अर्ज घेऊन सरांसमोर. पाटी बदला, चूक माझी आहे, माझ्या सहीने लिहून देते. सरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, ड्रॉवर उघडला आणि एक कागद टेबलावर ठेवला. माझंच पत्रक. ‘आम्ही इतर नाही. आमचं कपाट आम्हाला द्या.’

“तुम्हाला वेगळं हवं होतं,” सर म्हणाले. “दिलं. आता त्यात दुसऱ्या समाजाची व्यक्ती घाला म्हणता. उद्या त्या समाजाने हरकत घेतली तर? दोन्ही कपाटांच्या प्रतिनिधींची लेखी संमती आणा, मग समिती विचार करेल.”

“सर, दोन बायका बोळीत बसून बिड्या वळत होत्या. त्याला कसली संमती?”

“प्रक्रिया आहे.”

आमच्या कपाटाची प्रतिनिधी मीच, माझी सही तिथल्या तिथे झाली. पहिल्या कपाटाचे प्रतिनिधी म्हणजे एक कापड दुकानदार. त्यांनी मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, आणि नाही म्हणाले. “ताई, आमची ओळख रेशमाची आहे. तुम्ही आमच्या बाईले बिडीवाली म्हणून लावून राहिल्या. कसं वाटते ते?”

“ती स्वतःच म्हणते, मी बिड्या वळल्या.”

“ती म्हणून राहिली असंल. समाज नाही म्हणत.”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हेच मी केलं होतं. मोठी आई म्हणत होती नाव टाक. नको म्हणणारा समाज म्हणजे मी. तरी ओरडलेच. मी काही संत नाही. आणि त्या माणसाला ऐकवायची गरज होतीच.

मग पत्रा परत मागितला. मॅडमनी फॉर्म काढून दाखवला. ‘कायमचा’वर माझी खूण, इतकी जोरात केलेली की कागदाच्या मागे उमटली होती. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या पाण्याचा राग आला. “रडू नका,” मी म्हटलं, “किल्ली तुमच्या गळ्यात आहे.” त्यांनी नकळत जुडगा मुठीत धरला. उघडलं मात्र काही नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी त्या कपाटापाशी उभी असते. तिकीट काढून जाते, कोणी बाहेर काढू शकत नाही. कागदावर नाव लिहून काचेला चिकटवलं, पहारेकऱ्याने काढलं. पुन्हा चिकटवलं, पुन्हा काढलं. आता तोंडाने सांगते. कोणी पाटी वाचायला लागलं की म्हणते, “ही अपुरी आहे, मी लिहिली आहे, ऐका.” आणि पानं, कात्री, चेचलेलं नख, दोन घमेली, चहा, सगळं सांगते. चहासुद्धा. मोठ्या आईने म्हटलं होतं ना, हेही लिही. काही लोक सरकून पुढे जातात. काही थांबतात. एका बाईने विचारलं, “मग त्या दुसरीचं नाव काय?” मी मोठ्याने सांगितलं. पहारेकरी आला, “मॅडम, आवाज हळू. साहेबांचं पत्र आलं आहे, दालनात भाषण मना आहे.” मी म्हटलं, “भाषण नाही, नाव आहे.” तोही कंटाळला आहे बिचारा. पण मी त्याच्यासाठी थांबणार नाही.

मोठी आई माझ्याशी बोलते आता, कामापुरतं. पलीकडची मात्र पहिल्यासारखीच बोलते, आणि तेच सहन होत नाही. हे लिहायला घेण्याआधी मी तिच्या घरी गेले. म्हटलं, आजी, मी सगळं लिहून काढते, त्यात तुमचं नाव घालते, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. पुस्तकात येईल, पुष्कळ लोक वाचतील.

ती वाती वळत होती. हात थांबला नाही.

“पुस्तकात कायले?”

“लोकांना कळेल ना.”

“तुले हलकं वाटंल म्हणून लिहून राहिली का?”

पहिल्याच ओळीत आरोप, तिलाही जमत होतं.

“नाव जिथून काढलं तिथं लाव पहिले,” ती म्हणाली. “मंग लिही कुठंही. तिथं लागल्याबिगर माहं नाव कुठंच नको.” आणि मला चहा टाकायला उठली.

म्हणून या लिखाणात कुठे तिचं नाव नाही. मोठ्या आईचंही नाही. ती म्हणाली, तिचं नाही तर माहंही नाही. पाटी अजून तीच आहे.